भाकरीवर पारखलेली लेन्स

मामाजी,

शेवटी लेन्स घेतली. तुम्ही असता तर आधी हातावर तोलली असती, मग पुढून-मागून डोळा लावून पाहिली असती आणि जेवण थंड होईस्तोवर खाली ठेवली नसती. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. धाड गावातला आपला स्टुडिओ मी चालवते. लग्नाला लोकांना फोटो पाहिजे असतात, व्हिडिओही पाहिजे असतो, आणि दोन्हीला मी एकटीच. त्यात यंदा धामणगाव बढ्याहून एक फोन आला. "ताई, मी धाडचीच लेक. माह्या पोरीचं लगन हाये. फोटो तुमच्याच स्टुडिओचे पाह्यजे." तिनं माहेरचं नाव सांगितलं आणि मी लगेच ओळखलं. जिच्या हाराचा फोटो तुमच्याकडून सुटला होता, ती नवरी हीच.

ती गोष्ट तुम्ही मला स्वयंपाकघरात सांगितली होती. मी तुमची नवी सून, चुलीपुढे. तुम्ही पाटावर बसला आहात, मला कॅमेरा शिकवायचा चंग बांधून. "भाकर फुगन तवाच फोटो काढ," म्हणता. मी भाकर विस्तवावर टाकते, पिठाचे हात पुसते, कॅमेरा उचलते, तोवर वाफ निघून भाकर चपटी. "भाकर काही तुह्यासाठी थांबत नाई, सूनबाई!" तुम्ही खेकसता. मी रडकुंडीला येते. मग आवाज उतरवून तुम्ही त्या लग्नाचं सांगता. त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या नवरीनं हार उचलला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी रडून राह्यली." चेहरा जवळून मिळावा म्हणून तुम्ही बॅगेत वाकून लेन्स बदलायला घेतली. वर पाहिलं तर हार घालून झाले होते, फुलंही उधळून झाली होती. हार काढून पुन्हा घाला, आपल्यात कुठं अपशकुन मानतात, असं सगळेच म्हणाले. तुम्हीच नको म्हणालात. "हार परत घालता येते. डोयातलं पानी परत कुठून आनू?" त्यानंतर लग्नाला तुम्ही एकच लेन्स नेली आणि मांडवभर पळत राहिलात. जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणारी एक चांगली काच मिळायला पाहिजे होती, हे मात्र शेवटपर्यंत म्हणत होता.

त्या बाईच्या पोरीचं लग्न माझ्या हातून सुटता कामा नये, एवढंच मला कळत होतं. म्हणून दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलले नाही. तीन झूम लेन्स भाड्यानं आणल्या आणि तुमच्या लेकाला भाकरी करायला बसवलं. त्यांची भाकर म्हणजे जिल्ह्याचा नकाशा, पण फुगते. पहिली लेन्स फार लांब पोचायची, मात्र व्हिडिओ चालू ठेवून झूम करत भाकरीजवळ जावं तर चित्र मध्येच अंधारायचं. दुसरी उजेडाच्या बाबतीत राजा, पण तिचा हात आखूड; पुढे सरकायला लागायचं. तिसरी चोवीस ते एकशेपाच मिलिमीटरची, म्हणजे जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणारी. उजेड थोडा कमी घेते, पण जेवढा घेते तेवढा शेवटपर्यंत सोडत नाही. आधी सगळं स्वयंपाकघर, मग चूल, मग नुसती भाकर, आणि तिच्या कडेनं सुटलेली वाफ. चित्र कुठंही अंधारलं नाही की धूसर झालं नाही. मी थक्क होऊन पुन्हा पुन्हा तेच पाहत बसले. "भाकर जयून राह्यली, अन् तू काऊन हसून राह्यली?" तुमचा लेक म्हणाला. ती जळकी भाकर आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

लग्नात मी फुलांच्या टोपल्यांमागे उभी होते. सगळा मांडव घेतला आणि पोरीनं हार उचलला तशी लेन्सची रिंग फिरवत गेले. मांडव सरला, माणसं सरली, तिचा एकटीचा चेहरा उरला. डोळ्यातलं पाणी गालावरून उतरलं, हनुवटीशी थांबलं आणि हारातल्या झेंडूवर पडलं. मामाजी, मी जागची हलले नव्हते! लगोलग फोटोही घेतले, त्याच काचेतून, पापण्या ओल्या असतानाच. मुठीएवढ्या काचेत एवढं सगळं येतं, याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

पंगत उठल्यावर तिच्या आईला कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दाखवलं. तोंडाला पदर लावून ती पाहत राहिली. परत लावा म्हणाली, परत पाहिलं. मग हळूच विचारलं, "माह्या लग्नात मी बी अशीच दिसली असन, नाई का ताई? तुमच्या सासऱ्यानं काही सांगतलं होतं का तुमाले?"

"हाव," मी म्हटलं. "सेम अशीच, म्हणत होते."

ती रडता रडता हसली. तुम्ही तर तिच्या हाराच्या वेळी खाली बॅगेत पाहत होता. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकते. कुणी विचारलंच, तर तुम्हीही हावच म्हणा.