तिचा चेहरा मी काढला

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवकन्यानं आज मला एक गोष्ट सांगितली. गळ्याची शपथ घालून सांगितली, म्हणून फक्त इथं लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या गावी आलेय. तिच्या गच्चीवर सोयाबीन वाळत घातलंय. ते खालीवर करत बसलो होतो दोघी. ती आत्याच्या शेजारची, चौदा वर्षांची, नववीत आहे. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. हळद लागली आणि त्याच दुपारी शिरूरहून पोलीस आले, सोबत ग्रामसेवक. लग्न थांबलं. तिच्या वडिलांना, वीरण्णाकाकांना, लातूरला बालकल्याण समितीपुढं जाऊन लिहून द्यावं लागलं की अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही. एवढं मला आत्याकडून माहीत होतं. फोन कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. गावाचा संशय अंगणवाडीच्या महामायाताईंवर. वीरण्णाकाका तेव्हापासून त्यांच्या दारावरून पण जात नाहीत.

शिवकन्या म्हणाली, "मंजूताई, फोन मीच केला. तुझ्या आत्याचा मोबाईल ओसरीवर चार्जिंगला होता. शाळेच्या भिंतीवर पोरांच्या मदतीचा नंबर लिहिलेला हाय ना, एक शून्य नऊ आठ. तोच लावला."

"काय बोललीस?"

"माझं लग्न हाय, लवकर या, म्हणलं."

अंगाला हळद, आणि असं बोलली ती. मी तर तिच्याकडं बघतच राहिले. मग तिनं माझा हात तिच्या गळ्यावर ठेवला. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नांदेड. कॉलेज सुरू. चित्रकलेचे अमरेश सर म्हणाले, एका संस्थेची पोस्टर स्पर्धा आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. विषय — बालकांचा संरक्षणाचा हक्क. आठ तारखेपर्यंत द्यायचं. "मंजुषा, यंदा तू नंबर काढायचाच."

घरी येऊन दोन कच्ची चित्रं केली. मोठे हात आणि हातात बाळ. छत्रीखाली मुलं. दोन्ही फाडली. सगळे हेच काढणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काढलं.

बाशिंग बांधलेली मुलगी, गालाला हळद, कानाला मोबाईल. मागं मांडव, त्यात पाठमोरी माणसं. खाली एकच ओळ — "माझं लग्न आहे. लवकर या."

आधी चेहरा दुसराच काढला होता. गोल, मोठ्या डोळ्यांची, कॅलेंडरवर असते तशी. त्यात जीवच नव्हता. तो खोडला आणि शिवकन्याचा काढला. डाव्या भुवईत तिला लहानपणीची खोक आहे, ती पण काढली. पुढचा दात जरा बाहेर आहे, तोही. काढताना कळत होतं. हात थांबवता आला असता. मी मनाला सांगितलं की नांदेडात तिला कोण ओळखतंय.

खरं सांगायचं तर तेव्हा तिचा विचारच मनात नव्हता. चित्र जमलंय एवढंच होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिलं. सरांनी विचारलं, "मॉडेल कोण?" म्हटलं, "कुणी नाही सर. मनातनं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला नंबर. लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत मिळून पहिला. हॉल भरला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. स्मृतिचिन्ह, रंगांची मोठी पेटी. चित्र स्टेजवर मोठं करून लावलं होतं. एवढ्या मोठ्या आकारात शिवकन्याच माझ्याकडं बघून राहिली होती. मी नजर खाली केली.

एका बातमीदारानं विचारलं, कल्पना कशी सुचली. मी म्हटलं, "विचार करता करता सुचली."

बाबांनी दुकानाला सुट्टी दिली होती. हार्डवेअरचं दुकान शुक्रवारी बंद — असं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी चित्राचे फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आत्याचा फोन. वाटलं, कौतुक करेल.

"मंजू, ते चित्र ग्रुपमधनं काढ. आत्ताच्या आत्ता."

"का गं?"

"का म्हणून मला विचारतेस?"

फोन ठेवला तिनं. मी बाबांना म्हटलं, फोटो काढून टाका. ते म्हणाले, "अगं, समाजाच्या ग्रुपवर पण टाकलाय मी. उदगीरपासनं लोक शाबासकी देऊ राहिलेत. काढायचा कशाला?"

मी विषय तिथंच सोडला. कारण सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं म्हणजे मी काय केलं ते पण सांगावं लागलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेपरात आलं. रंगीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झालं ते होणारच होतं.

आत्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पिठाच्या गिरणीत कुणीतरी वीरण्णाकाकांसमोर मोबाईल धरला — "अण्णा, ही तुमची पोरगी ना?" ते दळण तिथंच सोडून घरी आले. शिवकन्याला समोर उभं केलं.

"हे तू हायस का?"

"हाव."

"फोन तू लावलास?"

"हाव."

मारलं नाही, आत्या म्हणाली. नुसते खाली बसले. मग त्यांचे भाऊ आले, ते मात्र लई बोलले. आता तिची शाळा बंद. बिदरला चुलत आत्याकडं ठेवायचं म्हणतायत. तिथं काय करतील ते लातूरच्या साहेबांना थोडंच कळणार आहे.

"आमच्याच फोनवरनं लावला म्हणते पोरगी. तुझे मामा दोन दिवस झाले माझ्याशी बोलत न्हाईत," आत्या म्हणाली. मामा म्हणजे तिचे यजमान. मग, "एवढं हुबेहूब कशाला काढलंस गं?"

मला चित्र काढता येतं याचीच आज लाज वाटली. जेवताना बाबा पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून आणल्याचं सांगत होते. मी ताटावरून उठले. आईला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संस्थेच्या मॅडमचा फोन आला. दोन्ही जिल्ह्यांतल्या बसस्टँडवर माझ्या चित्राचे बॅनर लावायचे आहेत. चालेल ना?

मी हो म्हटलं.

मला सगळं ठाऊक होतं. शाळा बंद झालेली ठाऊक होती, बिदर ठाऊक होतं. तरी तोंडातनं हो गेलं. मॅडम "अभिनंदन बाळा" म्हणाल्या आणि मी "थँक्यू मॅडम" म्हणाले. शिरूरच्या स्टँडवर पण लागेल तो. सगळं गाव तिथंच उतरतं.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्या मुलीचं तोंड पाहिलं नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गावी जाऊन आले. घरी सांगितलं, आत्यानं बोलावलंय. लातूरला गाडी बदलली. शिरूरच्या पुढं जीप मिळाली.

आत्यानं पाणी दिलं आणि "जा, भेटून ये" एवढंच म्हणाली.

वीरण्णाकाका शेतावर गेले होते. गौरम्माकाकूंनी, म्हणजे शिवकन्याच्या आईनं, दार उघडलं. मला वाटलं, घालवून देतील. त्यांनी चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना पण माझ्याकडं बघितलं नाही. शिवकन्या आत ज्वारी निवडत होती. मी शेजारी बसले. सुपात हात घालायची पण हिंमत होईना.

"चित्र चांगलं हाय," ती म्हणाली. "नाक माझं एवढं बारीक न्हाई पण."

मी रडायला लागले. ती नाही रडली.

"माफ कर मला, शिवकन्या."

"मी कुणालाच सांगितलं न्हवतं. तुला सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"चाचणीचा पेपर बुडाला माझा. विज्ञानाचा." एक खडा वेचून म्हणाली, "बिदरला शाळेत घालणार न्हाईत. काका म्हणलेत, लई शिकली ही."

काकू चुलीपाशी होत्या. त्यांचा हात मधेच थांबला. मग परत भाकरी थापायचा आवाज आला.

निघताना शिवकन्यानं विचारलं, "अजून कुठं लावणार हायेत का ते?"

"नाही," मी म्हटलं.

तोंडावर खोटं बोलले. ते पण तिच्याच घरात, तिच्या आईचा चहा पिऊन. जीपमध्ये बसले, पण पुढच्या गावातच उतरले. तिथं एका टपरीच्या बाकड्यावर बसले आणि ठरवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजला न जाता संस्थेत गेले. स्मृतिचिन्ह आणि रंगांची पेटी पिशवीत घालून. पेटीतला एक ब्रश मी वापरला होता, तो धुऊन ठेवला.

मॅडमना सगळं सांगितलं. चेहरा खरा आहे, ओळ पण तिचीच आहे, मला कुणाला सांगायची परवानगी नव्हती. वीस तारखेला ठाऊक असून हो म्हटलं, ते पण सांगितलं. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीत मागं टेकल्या.

"मूल ओळखू येईल असं काही छापायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे," त्या म्हणाल्या. "आणि आमच्यापैकी एकानंही तुला विचारलं नाही."

बॅनरचं काम त्यांनी माझ्यासमोर फोन करून थांबवलं. चित्र मागं घेतलं. पेपरातलं मात्र आता काही करता येत नाही. मोबाईलांमधलं पण नाही. तिची शाळा सुटू नये म्हणून लातूरच्या समितीला कळवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी तिला विचारा. मग आत्याचा नंबर दिला.

दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. ते काउंटरवरचे खिळे वेगळे करत राहिले.

"आता लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा."

"आणि ती पोरगी? फोटो तर मी पण पाठवला ना गं."

मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी कात्रण भिंतीवरून उतरवलं आणि ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलं. मग एकेका माणसाला फोन करून फोटो काढून टाका म्हणत बसले. काहींनी विचारलं, का? त्यांना "काढा, एवढंच" म्हणून ते पुढचा नंबर लावत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अमरेश सरांनी वर्गात विचारलं, बक्षीस परत का केलंस. सगळ्यांसमोर सांगितलं, नाव गाव सोडून. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हिनं आयतंच घेतलं." मी हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या तिला बिदरला नेणार. मॅडमनी फोन केला होता, पण शिवकन्या बोलायला तयार नाही. आता कुणाला काही सांगायची तिची इच्छा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आत्याचा फोन. काल गाडी दारात आली तेव्हा गौरम्माकाकू आडव्या उभ्या राहिल्या आणि दिरांसमोर म्हणाल्या, "पोरीनं न्हाई लावला फोन. मी लावला." ते खरंच होतं, आत्यानं आज कबूल केलं — नंबर तिनं लावून दिला होता, बोलल्या काकू. शिवकन्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. वडिलांसमोर तिनं सगळं स्वतःवर घेतलं. मला सांगतानाही.

गाडी रिकामी परत गेली. शिवकन्या उद्या शाळेत जाणार आहे. काकूंना घरात घ्यायला कुणी तयार नाही, त्या आत्याकडं राहतायत.

"तुला आईचं नाव सांगितलं न्हाई पोरीनं," आत्या म्हणाली. "बरं केलं."