ताईच्या दातांचा साचा

१८ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

नमस्कार. तू आणि बाबा बरे असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते मला आता कळलंय, पण तिकडे येतो.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू आधी "तुझं बीपी कसं आहे?" विचारतेस, आणि मग मी वीस मिनिटं माझंच पुराण लावतो. तेवढं आधी उरकतो. बीपी उत्तम. गोळी अर्ध्यावर आली. सकाळी पाऊण तास चालतो, मीठ बेताचं खातो, संध्याकाळी दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजतो. झोप अशी की शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून दमतो, मला पत्ता नसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळे तुमच्यासारखे वागले तर मला दवाखान्याला कुलूप लावावं लागेल." मी फुगलो. रविवारी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "शहाणा गं माझा बारक्या." ते ऐकून मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल तशी रेंज गेली नव्हती.

लॅबमध्ये काम चिक्कार आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो आणि त्यावर कवळ्या, कॅप वगैरे बनवतो, हे तुला माहीतच आहे. आजूबाजूच्या सात-आठ गावांतून डबे येतात. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर.

मागच्या बुधवारी असाच एक साचा सोडवला. झोपेत दात खाणाऱ्या बाईचा होता. अशांसाठी आम्ही पारदर्शक पट्टी करतो. रात्री ती दातांवर चढवून झोपायचं, म्हणजे झिजायची ती पट्टी झिजते. साचा हातात घेतला आणि बघतच राहिलो. दाढांवर उंचवटे म्हणून उरलेच नव्हते, सगळ्या टेबलासारख्या सपाट. माझ्या शेजारी आमचा रंगारी बसतो. कॅपना दाताचा रंग देतो, म्हणून रंगारी. त्याला दाखवून मी म्हटलं, "ही बाई रात्री खडी फोडायला जाते की काय?" तो म्हणाला, "नवऱ्याला चावत असेल." आम्ही पोट धरून हसलो.

मग मी साचा समोरून पाहिला. पुढच्या डाव्या दाताचा कोपरा तिरका उडालेला.

ताई, तो कोपरा मी उडवलाय. मी सहा वर्षांचा, तू अकराची. बागेतला झोपाळा मी रिकामाच ढकलला आणि फळी तुझ्या तोंडावर बसली. तू आईला सांगितलंस, "मीच पडले." तो दात मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

रंगारी अजून हसत होता. मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

वर्षभर तू सांगत होतीस, कान दुखतो, सकाळी डोकं ठणकत उठते. मी म्हणायचो, "थेंब घाल." दात खाणाऱ्यांचा जबडा कानापाशी दुखतो, हे पंधरा वर्षं याच धंद्यात असलेल्या माणसाला सुचू नये? सुचलं नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. एकदा तर उपदेशही केला, "सकाळी जरा फिरत जा, ताण हलका होतो." तू म्हणालीस, "जाते की. तोवर बाबांना खुंटीला अडकवते." मी हसलो आणि विषय बदलला.

दिवसभर वीज कार्यालयाच्या तक्रारखिडकीवर लोकांच्या शिव्या खायच्या. घरी आलीस की बाबांना दिवसा सांभाळणारी बाई जायला चप्पल घालूनच उभी. मग बाबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि रात्रभर त्यांच्या हाकेकडे कान लावून पडायचं. असं पाच वर्षं. शरीर कुठेतरी बोलणारच. तुझं दातांवर निघालं.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याच वर्षी माझं बीपी वाढलं. मी तुला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, घरच्या ताणापासून लांब राहा." ते खोटं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मीठ कमी करा, रोज चाला, आणि घरचं ओझं बहिणीबरोबर वाटून घ्या, एकट्यानं कुढू नका. पहिली दोन पथ्यं मी पाळली. तिसऱ्याचं उलटं करून तुला ऐकवलं. तू एका शब्दानंही विचारलं नाहीस. उलट बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा आठ दिवसांनी सांगितलंस, "लगेच सांगितलं असतं तर तुझं बीपी चढलं असतं."

कामाचा कंटाळा नव्हता गं मला. शेवटचा आलो होतो तेव्हा बाबांनी त्यांच्या चालत्या हातानं माझं मनगट धरलं आणि रडायला लागले. जन्मात कधी न रडलेला माणूस. मला ते बघवेना. मी बसची वेळ झाली म्हणून निघालो. बसला दोन तास होते. ते मी स्टँडवर बसून काढले. भ्यालो मी. माझी झोप, माझं चालणं, माझा शांत श्वास, सगळं तुझ्या जिवावर झालं.

साच्याबरोबर तुझ्या दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. "पेशंट पुन्हा येऊ शकत नाहीत. घरी दुसरं माणूस नाही. एकाच फेरीत नीट बसेल अशी पट्टी करावी." ही चिठ्ठी मी मालकांना दाखवली नाही. खिशात ठेवली.

पट्टी मीच केली. आणि आधी मुद्दाम डाव्या बाजूला केसभर उंच ठेवली. म्हटलं, टोचली की तुला दोन-तीनदा दवाखान्यात जावं लागेल, तेवढा वेळ बाबांपाशी बसायला मला यावंच लागेल. मग मला पळता येणार नाही. दोन दिवस ती तशीच टेबलावर होती. शनिवारी लख्ख कळलं, मी यावं म्हणून पुन्हा तुझाच जबडा दुखवायला निघालो होतो. सगळा उंचवटा घासून काढला. आता एकाच फेरीत बसेल. पण ती दात वाचवते, ताई, बाकी काही नाही. बाकीचं माणसानंच करायचं असतं.

महिन्याची रजा टाकली आहे. त्यानंतर काय, ते मला माहीत नाही, आणि पुन्हा खोटं बोलायचं नाही. बाबांना उचलायचं कसं ते शिकव, चुकलो तर ओरड. कान पकडलास तरी चालेल. मी पहिल्याच आठवड्यात बसची वेळ झाली म्हणेन, अशी मला स्वतःचीच भीती वाटते.

शनिवारी दुपारी येतो. वाट पाहू नकोस, बाबांनाही सांगू नकोस. दारात दिसलो तरच यातलं अक्षर न् अक्षर खरं मान. नाही दिसलो, तर मला पुन्हा कधी बीपी विचारू नकोस.

तुझा,
डॉक्टरच्या नावावर खोटं बोललेला
बारक्या