गिट्टीवर हवा कमी ठेवायची

मूर्तिजापूर
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

आधी घरची खुशाली. आई बरी आहे. बाबांचा गुडघा दुखतो, पण ते कबूल करत नाहीत, म्हणजे तेही बरे आहेत. पाऊस हटायला तयार नाही, त्यामुळे काढणीला आलेलं सोयाबीन वावरात उभं आहे. मी अजून अकोल्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेतच कामाला जाते. दम्याचा पंप खिशात असतो, पण वर्षभरात लागला नाही. तू विचारशील म्हणून सांगितलं.

पत्र का, असंही तू विचारशील. तू नागसेनसोबत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. "तिच्या घरी जाशील?" असं विचारलं. मी नाही म्हटलं. "फोन करशील?" मी नाही म्हटलं. तुझा नंबर त्यांच्यासमोरच काढून टाकला. पत्राचं त्यांनी विचारलं नव्हतं. ते विसरले, की आजकाल कोणी पत्र लिहीत नाही म्हणून त्यांच्या मनात आलं नाही, याचा मी फार दिवस विचार केला. त्यांनी विचारलं नाही याचा फायदा घेणं बरोबर की चूक, ते अजून ठरलेलं नाही. तरी लिहिते आहे.

सायकल मी विकली नाही. दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रस्त्याने पूर्णेच्या पुलापर्यंत जाते. स्टेशन मागे पडलं की रूळ गवतात बुडतात. मग मेंढपाळांची पायवाट, नाहीतर नुसती गिट्टी. पावसाने काळी माती अशी चिकटते की चाक फिरतच नाही. बाभळीची काडी मोडून ब्रेकमधला चिखल उकरायचा, थोडं जायचं, पुन्हा उकरायचा. पुढे खारपट्ट्यात दोन्ही बाजूंनी पाणी साचलेलं असतं. त्यात पाणकणीस आणि बेशरम माजलेली, आणि शराटी पक्षी पाय बुडवून असे उभे, जणू गाडीचीच वाट पाहतात. माणूस भेटत नाही. माझाच श्वास मला ऐकू येतो.

आपण तिघं जायचो तेव्हा पुढे नागसेन, मध्ये तू, शेवटी मी. अजूनही मी शेवटीच चालवते. पुढे दोन सायकलींची जागा सोडून. वळणावर तुझं "दगड गं!" ऐकू येत नाही, मग दगड लागतो.

पुलापाशी सायकल टेकवते. मधोमध, गाडी आली तर गँगमनने बाजूला व्हावं म्हणून लोखंडी चौकट आहे, तिथपर्यंत चालत जाते आणि परत फिरते. त्यापुढे स्लीपर सडले आहेत, असं मी स्वतःला सांगते.

काल पलीकडच्या टोकाला तू उभी होतीस. जांभळी साडी होती. खांद्यावर पांढरा टॉवेल टाकलेला दिसला. ऊन होतं म्हणून घेतला असशील. तू हात वर केलास. मी केला नाही. वळले आणि निघून आले.

वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर तू मला अक्षरं शिकवलीस. तू म्हणायचीस, खोटं लिहिलं की अक्षर वाकडं येतं. मला ते खरंच वाटायचं. 'टॉवेल' हा शब्द बघ. किती वाकडा आला आहे.

तो टॉवेल नव्हता, हे मला माहीत होतं. तुमच्या गावच्या भाजीवाल्या लीलाबाईने बाजारात भाजी मोजता मोजता सगळ्यांसमोर बाबांचं नाव घेऊन सांगितलं होतं, "खुशालरावाची नात झाली ना वो, आमच्या गावात. नाक सारं आज्यावर गेलं. बिचारीचं काही खरं नाही!" बाया हसल्या. मी वांगी घेतली आणि घरी आले. कोणाला काही बोलले नाही. आईने वांगी निवडली. मला वाटलं, तिला ठाऊकच नाही.

आता कालच्या सकाळचं सांगते. ते टाळत टाळत इथपर्यंत आले.

मी सायकल बाहेर काढत होते, तेव्हा आई दारात आली. हातात पितळी डबा, फडक्यात घट्ट बांधलेला.

"हे घेऊन जाय."

"कोणासाठी?"

"रस्त्यानं भूक लागते."

"एवढी?"

"हालवून पाहू नको. खिरापत ओळखणारी तू नाहीस."

ताई, भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायला आम्ही सगळ्या पोरी डबे खडखडवायचो, आणि तू नुसतं झाकणाला नाक लावून सांगायचीस. आईला त्याचा राग यायचा आणि अभिमानही. त्यामुळे तिला माझा रस्ता माहीत आहे, हे मला तिथेच कळलं. मी जोडे घालत राहिले. ती शेजारच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "सव्वा महिना झाला आता. नदीपर्यंत आलं तरी चालते बाळंतिणीले." आणि आत गेली. तुला निरोप तिनेच लीलाबाईकडून धाडला असावा.

डबा पाठीवरच्या पिशवीत होता. सगळ्या रस्त्याने एकदाही वाजला नाही. न वाजणारा खाऊ सगळ्यात अवघड, असं तूच म्हणायचीस. पण गाळात ढकलताना पाठ तापली आणि पिशवीतून तुपात तळलेल्या डिंकाचा वास यायला लागला. मग मलाही ओळखता आलं. मी इथे नाव लिहीत नाही. ओळखायचा मान तुझा.

असा डबा पाठीवर असताना मी परत फिरले. का, ते खरं सांगते. मला वाटलं, पूल ओलांडला तर बाबांना दिलेला शब्द मोडेल. आणि दुसरं, तू जवळ आलीस, मुलगी माझ्या हातात दिलीस, तर नंतर मला हे घर सोसणार नाही. जेवताना तिघांच्या ताटांचा आवाज येतो, बाकी काही नाही. त्याची मला सवय झाली आहे. ती सवय मोडायची भीती वाटली.

घरी आले. आईने पिशवीतून डबा काढला, हातात तोलला, फडक्याची गाठ पाहिली. तिचीच गाठ, जशीच्या तशी. डबा तिने फळीवर ठेवला आणि म्हणाली, "ओळखलं नाही वाटते तिनं."

एवढंच. मग ती भाकरी थापायला बसली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबा सायकल धूत होते. हे तुला माहीत नसेल. दर रविवारी मी आले की ते सायकल धुतात, मग टायर दाबून पाहतात. टायर मऊ लागतं. म्हणतात, "ट्यूब झिरपून राहिली." ट्यूब काढून बादलीत बुडवतात, गोल गोल फिरवत बुडबुडा शोधतात. सापडत नाही. मग पंपाने दगडासारखी टणक हवा भरतात. पुढच्या रविवारी मी जुन्या मालधक्क्यामागे थांबते आणि ती हवा सोडून देते. गिट्टीवर हवा कमी ठेवायची, हे नागसेनने शिकवलं होतं, ते बाबांना कसं सांगणार? दुकानदाराने बदलून दिलेली ट्यूबही त्यांना झिरपकी वाटते. "सारे चोर हायत," म्हणतात.

काल ते पुन्हा बादलीपाशी वाकले. गुडघ्याला हात लावून. आणि माझ्याने राहवलं नाही.

"बाबा, ट्यूब चांगली आहे. हवा मीच सोडते."

"काहून?"

"गिट्टीवरून जाते. पुलापर्यंत."

ते ट्यूब फिरवतच राहिले. पाण्यात काही नव्हतं.

"ओलांडला का पूल?"

"नाही. तुम्हाला शब्द दिला होता."

"मी घराचं विचारलं होतं," ते म्हणाले. "नदीचं कुठं विचारलं होतं?"

ताई, ही नदी मीच जोडली होती. ते घर म्हणाले, आणि मी माझ्या भीतीने त्यात पूर्णा घातली, पूल घातला, तुझा वर केलेला हात घातला. किती रविवार.

मी म्हटलं, "मग येत्या रविवारी जाते. पलीकडच्या टोकापर्यंत. घरी नाही."

ते हो म्हणाले नाहीत, हे तुला नीट सांगायला हवं. उगाच आशा लावायची नाही. त्यांनी ट्यूब चाकात बसवली, थोडी हवा भरली, अंगठ्याने दाबली, अजून थोडी सोडली. मला म्हणाले, "पाह्य, एवढी पुरते का." मी दाबून पाहिलं. बरोबर होती. मग त्यांनी पंप भिंतीला टेकवला. "मधल्या चौकटीच्या पुढं डाव्या रुळाकडून चालजो. उजवीकडचे स्लीपर सडले. सायकल इकडंच ठेवजो."

ते पुलावर कधी गेले होते, मी विचारलं नाही. आत आईचं भाकरी थापणं थांबलं होतं. तेवढं ऐकू आलं.

तेव्हा रविवारी सकाळी ये. मुलीला घेऊन पुलावर मात्र चढू नकोस. पलीकडे शेवटच्या खांबापाशी उभी राहा, मी येते. मला उशीर झाला तर घाबरले असं समजू नकोस, चिखल उकरत असेन. नागसेन भाऊजींना सोबत आण. मी त्यांना भाऊजी कधी म्हटलेलं नाही. इथे लिहून पाहिलं, अक्षर सरळ आलं.

पत्र लीलाबाईच्या टोपलीत मेथीखाली देते आहे. ती वाटेत सगळ्या गावाला सांगेल. सांगू दे.

डबा फळीवर आहे, रविवारी सोबत आणते. गाठ आईचीच आहे. तूच सोड.

खालची सही पहिल्यांदाच करते आहे. वाकडी आली तर पुन्हा काढून घे.

तुझ्या मुलीची मावशी,
दामिनी