पाच वर्षांपुरतं घर

पिंट्या, तू उठशील तेव्हा मी बँकेच्या वाटेवर असेन. सही करूनच येणार आहे, त्यामुळे फोन करून समजूत घालत बसू नकोस.

काल जेवताना तू म्हणालास, "आई, घ्यायचंच तर कायम एकाच व्याजदराचं कर्ज घे. वीस वर्षं डोक्याला ताप नाही." अरे, वीस वर्षं घर हवंय कुणाला? गुडघे जिना चढू देतायत तोवरच मला ते हवंय, म्हणजे फार तर पाच वर्षं. म्हणून मी पहिली पाच वर्षं कमी दराचं आणि नंतर बाजाराप्रमाणे बदलणारं कर्ज घेतेय. दर बदलायच्या आत घर विकून मोकळी होईन. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हे मॅनेजरांकडून लेखी घेतलंय. तोवर भाव पडले तर तोटा माझा. तुझ्यापुढे हात पसरणार नाही.

सूनबाईला सांग, मी रुसून जात नाहीये. तिला दुपारी शांतता लागते आणि माझी शिवणाची गिऱ्हाइकं दुपारीच येतात. यात तिचं काही चुकलं नाही, पण मशीन चादरीखाली झाकून ठेवण्याइतकी मी अजून म्हातारी झालेले नाही. ताबा मिळेल त्या संध्याकाळी टेम्पोवाला मशीन न्यायला येईल, त्याला हात लाव.

भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवलीय.

ताबा मिळाला की ये. बेल वाजव आणि मी येईपर्यंत बाहेर थांब. माझं दार मला स्वतः उघडायचंय.

आई