कणकेच्या गोळ्या बंद करण्याबाबत

मी, रतिलाल नथ्थू पाटील, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. छाती नाही. दोन ओळी लिहिल्या की दम लागतो, तेव्हा अक्षरास कोणी हसू नये.

राहते घर व पोस्टातील शिल्लक माझी थोरली बहीण तापीबाई हिला मिळावी. रंजना, माझी पत्नी, वारल्यापासून हे घर तिनेच सांभाळले.

सायकल पुतण्या रूपचंद यास द्यावी. त्याने माशांच्या काचपेटीतली वाळू राखेने घासून लख्ख केली. अमोनिया पचवणारे जंतू त्या वाळूवरच राहतात, हे मी त्याला वर्गात शिकवले होते. तरी सायकल द्यावी. पेटीला मात्र हात लावू देऊ नये.

आता पेटी. आम्हाला मूल नव्हते. रंजनाने सुरतेहून हे सोनेरी मासे बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून आगगाडीने आणले. त्यांतला एकच उरला आहे. तो पाण्यावर तोंड काढून धापा टाकतो. मी खाटेवर तेच करतो.

मी बरा व्हावा म्हणून तापीबाईने नवस केला आहे : रोज माशांना कणकेच्या गोळ्या. तापी नदीत हे चालते, तिथे पाणी वाहते. पेटीत गोळ्या कुजतात आणि अमोनिया होतो. पेटीतले थोडे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात शाळेतून आणलेले, अमोनिया ओळखण्याचे नेसलरचे द्रावण टाकले की ते फिकट पिवळे दिसावे. काल विटेसारखे तांबडे झाले. मी बाईला नळी दाखवली, हात जोडले, रडलो. तीही रडली.

“भाऊ, मी पेटीवर हात ठेईसन नवस करेल शे,” ती म्हणाली. “गोया बंद कऱ्यात आनि तुले काई व्हयनं, तं मी कोठे जाऊ?”

मला उठता येत नाही. म्हणून पेटी व मासा बाईच्याच हवाली करतो. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून, रात्रभर घागरीत ठेवलेले विहिरीचे पाणी घालावे. वाळू घासू नये. द्रावण पुन्हा फिकट पिवळे दिसेपर्यंत माशाला काहीही खाऊ घालू नये. तो उपाशी मरत नाही, खाऊन मरतो आहे.

शेवटचे. गोळ्या आजपासून बंद. यानंतर मी गेलो तर दोष माझ्या फुप्फुसांचा. नवस मोडल्याचा नाही, तापीबाईचा तर मुळीच नाही. कोणी तिला बोल लावलाच, तर हा कागद पुढे करावा. बाई, तू मला मारले नाहीस. हे मी जिवंतपणीच लिहून देतो.

सही : रतिलाल नथ्थू पाटील
सारंगखेडा, दि. ९ फेब्रुवारी १९६६

साक्षीदार :
१. जालमसिंग गिरासे, शेजारी
२. हिलाल दगा कोळी, शेजारी

हा कागद मी, हिलाल कोळी, तापीबाईंना वाचून दाखवला. त्यांनी कणकेचा हात धुतला आणि कबूल म्हणून अंगठा दिला.