अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

३ मार्च, सकाळ
मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत, म्हणून लिहिते. विसरते म्हणून नव्हे. त्यांच्या दाखल्याशिवाय माझं गाडीचं लायसन्स रिन्यू होत नाही, एवढंच. दाखला आठवड्याभरात मिळेल.

काल पहिली तपासणी. बाईंनी चक्क एका म्हणीचा अर्थ विचारला. मला. शब्दकोशाच्या कचेरीत निवृत्त होईपर्यंत देशोदेशीच्या म्हणी मी सांभाळल्या. ही म्हण तर इतकी शाळकरी की इथे लिहून शाई घालवणार नाही. आधी तिची जपानी बहीण सांगितली, मग रशियन, मग दोघींतला फरक. बाई म्हणाल्या, आजी, एका वाक्यात सांगा ना. आजी म्हणे. अर्थ राहून गेला. वेळ त्यांनीच घालवला.

६ मार्च, गुरुवार
सून म्हणाली, शुक्रवार आहे. वाद घातला नाही, तिला ऑफिसची घाई होती. म्हणींची तयारी जोरात. सकाळी आफ्रिका, दुपारी स्पेन. ह्यांना परीक्षक नेमलं. ह्यांना स्पेन आणि इटलीतला फरक कळत नाही, आणि वर मला म्हणतात, अगं, हे तू मघाशीच सांगितलंस. उजळणी म्हणतात त्याला.

९ मार्च
तपासणी. ह्यांना गाडीतून नेलं, बाहेर बाकावर बसवलं. आज वाक्प्रचार. हातावर तुरी देणे: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. तिसरीचा पेपर. मी सांगितलं, न सांगता सटकण्याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतात आणि फ्रेंच 'इंग्रजांसारखं निघणं' म्हणतात. पळपुटा नेहमी शेजारीच. बाईंनी एक अक्षर टिपून घेतलं नाही. तडक उठले, गाडी काढली, घरी आले.

दुपारी ह्यांचा फोन. म्हणाले, मी अजून बाकावरच आहे.

१० मार्च
सून म्हणाली, आई, तुम्ही बाबांना तिथे विसरलात. विसरले नाही. वाक्यात उपयोग करायला सांगितला होता, मी प्रत्यक्षात करून दाखवला. हे म्हणाले, उदाहरण व्हायला माझी ना नाही, पण आधी सांगायचंस तरी, डबा नेला असता. स्वतःच हसले. सून हसली नाही. बाईंनाही फोनवर हाच मुद्दा समजावला. त्यांनी फोन सुनेकडे द्यायला सांगितला. पटलं असावं.

१२ मार्च
दाखला आला. दोनच शब्द: गाडी नको. क्रियापदसुद्धा नाही. ह्या बाईंनी माझी भाषा तपासली. अपील करणार. एखाद्या भाषातज्ज्ञाचं मत जोडणार. तज्ज्ञ हयात आहेत का, ते पाहावं लागेल.

सुनेने विचारलं, गाडी कुठे आहे. खाली, फाटकापाशी, मी म्हणाले. ती जाऊन हात हलवत परत आली. हे म्हणतात, काल तू वाचनालयात गाडीने गेलीस आणि आलीस चालत. आले ना घरी, ते महत्त्वाचं.

तूर्त सुनेकडे सुपूर्द: गाडीची किल्ली, जोडकिल्ली, जुनं लायसन्स.
गाडी: सून शोधून आणेल तेव्हा दिली, असं समजावं.