फ्लेक्सवरचा हार्वेस्टर माझा नाही

मु. पाली, ता. वेल्हे
रविवार, दुपारी

तीर्थस्वरूप दाजी,

पायडलवरची भात झोडणीची यंत्रं एकशे अठरा (त्यांतली एकशे अकरा आजही चालू), कोळपी मोजली नाहीत, देवळाचं ग्रिल, शाळेची घसरगुंडी, आमच्या शिवानीचा पाळणा, आक्काच्या स्वयंपाकघरातली मांडणी (एकोणीस वर्षांत भिंतीपासून सूतभर हललेली नाही, हवं तर पट्टी लावून बघा) आणि ज्यावर हे पत्र लिहितोय ते टेबल, एवढं सगळं कुणाकडंही न शिकता ज्यानं स्वतःच्या हातानं केलं, त्या तुमच्या मेव्हण्याचा, म्हणजे धनाजीचा, तुम्हाला दंडवत. आक्काच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तुमची शुगर विचारायला शिवानीनं सांगितलंय, पण तुम्ही खरी सांगणार नाही, म्हणून विचारत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. तर फोनवर तुम्ही माझ्या दुसऱ्याच वाक्याला "बरं बरं" म्हणता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी पानभर लिहिलं तरी अंगठा पाठवता. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यामुळं समोरच्याला कुठं उतरायचंय तेवढं कळलं की तुमचं काम झालं. या खेपेला शेवटच्या थांब्यापर्यंत बसावं लागेल.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तुम्ही उद्योजकांच्या त्या साइटचं वर्षाचं सभासदत्व भेट दिलंत आणि ते कसं आहे असं तीनदा विचारलंत. (साइटचं नाव लिहीत नाही. तिची फुकट जाहिरात पुरेशी झाली आहे, कशी ते येईलच.) मी कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतो. साइट उलटी करता येत नाही, म्हणून वही घातली. अकरा महिन्यांत सदतीस दोष निघाले. वानगीदाखल ऐका. पहिल्याच पानावर लेथचा फोटो आहे. लेथ फिरतोय आणि लोखंड धरणाऱ्या चकमध्ये किल्ली तशीच अडकवलेली. ती सुटली तर शेजारच्या हसऱ्या माणसाच्या कपाळात बसेल, आणि त्याच्याच खाली लिहिलंय 'सुरक्षित भविष्य'. सभासद म्हणे दहा हजार. मी यादी शेवटपर्यंत सरकवली, दोनशे बारा भरले. त्यात निळा टाय घातलेला एक इसम नाशिकला मसाले करतो, कोल्हापूरला सोलर बसवतो आणि लातूरला मधमाश्या पाळतो. नावं तीन, टायची गाठ एक. 'यशाची सात सूत्रं' या व्हिडिओत चौथ्यानंतर एकदम सहावं येतं. पाचवं कुठं गेलं म्हणून लिहिलं, तर एका सेकंदात उत्तर, की आम्ही आपला प्रश्न काळजीपूर्वक वाचला. एका सेकंदात माझा चष्मासुद्धा डोळ्यांवर चढत नाही. पहाटे पाचला उठा, हे मात्र तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत आहे.

तरी म्हटलं, रंगावरून यंत्राची पारख करू नये, एकदा भात घालून बघावं. 'तज्ज्ञांना विचारा' म्हणून एक जागा आहे, तिथं विचारलं की माझ्या सात यंत्रांची पायडलची दांडी वेल्डिंगमध्ये न तुटता वेल्डिंगपासून बोटभर लांब तुटली, असं का? (हा प्रश्न मला खरोखरच चार वर्षं छळतोय. नूतन म्हणते, झोपेतसुद्धा दांडी दांडी करता.) बारा दिवसांनी तज्ज्ञांचं उत्तर आलं, 'आपला ब्रँड मजबूत करा.' दांडीबद्दल अक्षर नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशीच फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'आमच्या साइटमुळे तुमच्या व्यवसायात काय बदल झाला?' तो भरल्याशिवाय दार उघडत नव्हतं. म्हणजे जेवणाआधीच ढेकर द्यायचा. मी खरं तेच लिहिलं, 'अजून काही नाही. बघून कळवतो. माझी यंत्रं बावीस वर्षं उत्तम चालली आहेत.' त्यांनी माझ्या फोटोखाली छापलं, 'माझी यंत्रं उत्तम चालली आहेत. धनाजी, यशस्वी सभासद.' पुढून कापलं, मधून कापलं, आणि कापल्या जागी ग्राइंडरसुद्धा फिरवला नाही.

इथवर चूक त्यांची. पुढची तुमची आहे, दाजी, रागावू नका. शिवानीनं गेल्या महिन्यात ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. तुम्हाला वाटलं, काहीतरी पुरस्कार आहे. तसलं पान पैसे भरलेल्या प्रत्येकाला मिळतं. तो पुरस्कार नव्हे, ती पावती आहे. पण तुम्ही मला न विचारता भोरला एसटी स्टँडासमोर दहा बाय आठचा फ्लेक्स लावलात, 'आमचे मेव्हणे धनाजीराव यांची देशपातळीवर निवड', आणि खाली साइटचं नाव ठळक. तुमचा फोटो माझ्या दुप्पट आहे, त्याबद्दल तक्रार नाही, खर्च तुमचा. चौदा शुभेच्छुकांतले नऊ मला ओळखत नाहीत, तेही चालेल. पण माझ्यामागं त्या फ्लेक्सवाल्यानं पिवळा हार्वेस्टर छापलाय. एवढी वर्षं मी पायानं चालणारं यंत्र करतो, आणि आता रस्त्यात लोक विचारतात, एकरी भाडं किती? नूतन तर सकाळी चहा देतानाच म्हणते, "हार्वेस्टरवाले, साखर संपलीय, जाताय का त्यावर बसून?"

हसण्यावारी नेलं असतं. पण बुधवारी कामथडीचा कुंडलिक मोटारसायकलवरून दारात आला. नवराबायको तांदळाचे पापड करून विकतात. झोडणीचं यंत्र त्यानं माझ्याकडून सहा वर्षांपूर्वी नेलंय. म्हणाला, "आण्णा, फलेक्स बगितला आन् त्या साइटचं पैसं भरलं म्या. तुमी कुठं उगं फोटू लावून घ्याल व्हय?"

मी विचारलं, वापरून बघितली का?

"बगितली की. पाचाला उठा म्हंत्यात. आमी चारला उठतो. मंग तासभर परत झोपायचं का, त्ये काय सांगितलं न्हाई."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "झोडणीचं काय मोडलं तर मी तुमच्याच दारात येतो. ह्याचं बी तुमच्याच दारात आलोय. दुसरीकडं कुठं जाऊ? तोंड तर तुमचंच हाय तिथं."

दाजी, माझ्या यंत्राबरोबर मी कधी गॅरंटीचा कागद दिला नाही. माझं नाव हाच कागद. बावीस वर्षांत त्यावर डाग नव्हता. कुंडलिकला बसवून चहा दिला. पापडाचा साचा करून देतो म्हणालो, लोखंडाचे पैसे घेईन, मजुरी नाही. त्याच्यासारखे अजून तिघं आहेत असं तो जाताना म्हणाला. दुसरा दारात यायची वाट न बघता मी साइटच्या ऑफिसात फोन लावला. शेफाली मॅडम म्हणून कुणी होत्या, बोलायला फार गोड. माझा फोटो काढून टाका आणि या चौघांचे पैसे परत करा, एवढी दोनच कामं सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मौल्यवान आहे." सदतीस दोषांची वही वाचून दाखवू लागलो, तर एकोणिसाव्याला म्हणाल्या, वरिष्ठांशी बोलून कळवते.

तेव्हा दाजी, तो फ्लेक्स बाजाराच्या आधी उतरवा. फाडू नका, कोपऱ्याच्या दोऱ्या सोडून अख्खा काढा. पेंढ्यावर टाकायला मी नेतो, छापलेली बाजू खाली करून. तुम्ही हे मायेपोटी केलंत, ते मला कळतं. आक्का तिथून जाताना पदर सावरून दोन मिनिटं उभी राहते, हेही मला कुणीतरी सांगितलंय. तरी उतरवा. आक्काला साष्टांग नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (फ्लेक्सची बाब सोडून),
धनाजी

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहायला घेतलं आणि लिहायचंच राहिलं. सभासदत्व बंद करायचं बटण त्या साइटवर नाही. मी तीन दिवस शोधलं, शिवानीनंही शोधलं. भेट देताना तुम्ही तुमचं कार्ड जोडलंत, त्यामुळं पुढच्या नऊ तारखेला दुसऱ्या वर्षाचे पैसे तुमच्या पेन्शनच्या खात्यातून आपोआप जातील. पत्र मिळेल त्या दिवशी बँकेत जा. मॅनेजर ऐकत नसेल तर मला बोलवा, वही घेऊन येतो.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात शेफाली मॅडमचा फोन आला, रविवार असून. वरिष्ठांना फोटो काढून टाकायचा नाही. उलट भोरच्या फ्लेक्सवर त्यांचा फार जीव जडलाय, तसेच नसरापूर, वेल्हे आणि आणखी दहा ठिकाणी लावायचे म्हणतात, माझा चेहरा, माझं नाव आणि तोच हार्वेस्टर. त्याबद्दल मला मोबदला देणार. मी नाही म्हणालो. आवाज स्थिर होता, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ ड्रिल उलटं फिरवत बसलो होतो, ते नूतननं दाखवल्यावर कळलं. तिला कारण सांगितलेलं नाही. शेडचे पत्रे बदलायचेत हे तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुम्ही हे आक्काला सांगणार आणि आक्का इकडं नूतनला फोन करणार, ते मी धरूनच चाललोय. निदान आकडा तरी बरोबर सांगा, उगाच वाढवून किंवा घटवून नको. वर्षाचे रुपये पंच्याहत्तर हजार.